सव्वा महिना अळणी

मिठावाचून माणूस मरायला टेकतो, हे मला सत्तरी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. माझी मुलगी टेकली होती. आणि तिचं मीठ तोडणारा दुसरा कोणी नव्हता, मीच होतो. ही गोष्ट तोंडानं सांगायला गेलो की समोरचा मधेच म्हणतो, "जाऊ द्या हो, नशीब." मला राग येतो. नशिबाचा काय संबंध? म्हणून लिहायला बसलोय. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडायला वेळ लागतो, पण आता वेळच आहे.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली. भरणीच्या खात्यात. दारू तोलून नळीत भरायची, हे काम. गेटवर काडेपेटी काढून ठेवायची, बुटाला खिळा चालायचा नाही, चमचासुद्धा तांब्याचा. गुंजभर कमी पडली तर माल फुसका, गुंजभर जास्त झाली तर भरणाऱ्याचा हात जागेवर नाही. माझे दोन्ही हात जागेवर आहेत. कारखान्यात शिकलेले साहेब पुष्कळ होते, पण काट्यावर मी बसलो की ते मागं उभे राहायचे. हे मी मिरवायला लिहीत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही लिहितोय, पण पुढं त्याचं काम आहे.

आम्हाला मूल एकच, ही मुलगी. शिकली, खराडीला कंप्युटरच्या कंपनीत लागली. तिचा पगार पहिल्या महिन्यातच माझ्या शेवटच्या पगाराच्या वर गेला, तरी घरी आली की चपला उलट्या पडल्या म्हणून माझी बोलणी खायची. एकतिसाव्या वर्षी तिला काय झालं कोण जाणे, भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. केस विंचरेना, दात घासेना. हाक मारली की "हं" म्हणायची, आणि ते "हं" सुद्धा विहिरीतून आल्यासारखं. गल्लीतल्या डॉक्टरनं उदासीवरची गोळी दिली. दहाव्या दिवशी पोरगी उठली, न्हाली, हसली. मी त्या डॉक्टरला पेढे नेऊन दिले.

पेढे संपायच्या आत ती आणखी वर गेली. झोप नाही, बोलणं थांबेना, डोळे काचेसारखे चकचकीत. आमच्या इमारतीतल्या बायकांचे हात दुखतात म्हणून तिनं अकरा मिक्सर मागवले. अकरा! टेम्पोवाला खाली उभा आणि वरून बायका डोकावतायत. एक म्हणाली, "काकू, लग्न काढलं का?" मी त्या टेम्पोसमोर उभा राहून भांडलो, आणि तिसऱ्या आठवड्यात हीच मुलगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून. मग पुन्हा वर. रहाटाची पोहरी जशी वर येते, सांडते आणि रिकामी खाली जाते, तसं. वर्षभरात पाच फेरे मी स्वतः पाहिले.

पुण्यात 'येरवडा' म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढं येतात, एक तुरुंग आणि दुसरं वेड्यांचं इस्पितळ. कट्ट्यावर एकानं बोलता बोलता तो शब्द काढला आणि मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही. मनाच्या डॉक्टरकडे जायचं नाही, हे मी घरात ठरवून टाकलं. बायकोनं मला न सांगता तिला नेलं. तिसऱ्या वेळी कळलं, तेव्हा मीही गेलो. भांडायलाच गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, "बाबा, हे वर-खाली होणं वर्षात चारदा किंवा जास्त झालं की त्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात. उदासीवरची ती गोळी हिला वर ढकलत असावी, ती आपण हळूहळू बंद करू. थायरॉईड तपासू. आणि लिथियम सुरू करू. सोबत आणखी एक गोळी, जी फिट येणाऱ्यांनाही देतात."

"हिला फिट येत नाही, मग फिटची गोळी कशाला?"

"अ‍ॅस्पिरिन डोकं दुखल्यावर देतात आणि हृदयालाही देतात. गोळीला आपलं खातं माहीत नसतं."

उत्तर मला आवडलं, पण तोंड मी वाकडंच ठेवलं.

मग त्यांनी लिथियमचं सांगितलं. या औषधाचं माप फार अरुंद असतं. कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं वर गेलं तर विष. म्हणून रक्त तपासत राहायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. मी मनात म्हटलं, हे तर आमचंच काम! एवढं मला त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं पटलं. जेवण नेहमीसारखं, पाणी भरपूर, असंही म्हणाल्या आणि एक छापील कागद हातात दिला. "हा घरी सगळ्यांनी वाचायचा."

मुलगी तेव्हा खालच्या फेऱ्यात होती. रिक्षात मला म्हणाली, "बाबा, दोन ओळी वाचल्या की तिसरी कळत नाही मला. तुम्ही वाचा आणि सांगा."

"सांगतो."

आता खरं लिहायचं तर लिहितो. मी तो कागद वाचला नाही. बारीक अक्षर लावायला मला अर्धा दिवस लागतो, आणि वाचताना ओठ हलतात. बायकोमुलीनं मला ओठ हलवताना बघू नये म्हणून घरात मी पेपरचे मथळे तेवढे वाचतो आणि पानं भराभर उलटतो. कागद घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला, कारखान्याच्या पासाखाली. बायकोनं विचारलं काय लिहिलंय. म्हटलं, गोळ्या वेळेवर द्या असं लिहिलंय. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कागद वाचला?" मी म्हणालो, "वाचला."

गोळ्या मात्र मी स्वतः देत होतो, सकाळी आणि रात्री, मोजून, माझ्यासमोर गिळायच्या. दोनतीन महिन्यांत फेरे लहान झाले. वर गेली तरी अकरा मिक्सरपर्यंत नाही, खाली गेली तरी दात घासायची. डॉक्टरीणबाई खूश होत्या, पुढचं रक्त आता तीन महिन्यांनी म्हणाल्या. मला वाटायचं, एवढंच? त्यात कट्ट्यावरचा जुना सोबती म्हणाला, "अहो, लिथियम तर मोबाईलच्या बॅटरीत असतं. पोरीला बॅटरी खाऊ घालताय काय?" मी त्याला सुनावलं, पण ते डोक्यात बसलं. त्या दिवसापासून मी त्या गोळ्यांना घरात 'बॅटरीचं विष' म्हणायला लागलो. द्यायचो, पण तसं म्हणून द्यायचो.

मी सात वर्षांचा असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळलो होतो. माझ्या आईनं गावच्या देवापुढं सव्वा महिना अळणी खाल्लं. ती म्हणायची, "देवाला गोडाचं काय कवतिक? आपल्या ताटातलं मीठ काढून दिलं, तर त्याला कळतं की हिला खरंच गरज हाय." मी बरा झालो. त्या सव्वा महिन्यानं की डॉक्टरच्या औषधानं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

चैत्र सरता सरता एका दुपारी जेवायला बसलो आणि म्हणालो, "आजपासून मी अळणी. सव्वा महिना."

बायको म्हणाली, "अहो, तिला औषध चालू आहे. तुम्ही कशाला मधे जीव टांगता?"

"औषध तिचं, नवस माझा."

मुलीनं हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी अळणी खाणार आणि मी तुमच्यासमोर लोणचं चाटत बसणार? माझ्याही ताटात नको मीठ."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण माझी छाती फुगली. कंपनीत इंग्रजी बोलणारी मुलगी बापाच्या नवसात पान मांडून बसते, याहून काय हवं?

"बरंच झालं," बायको म्हणाली. "माझं बीपी आहेच. एकच भांडं चढवते."

मीठ कमी केलेलं कधी वाईट असतं का? जगातला प्रत्येक डॉक्टर ओरडतो, मीठ कमी करा. बायकोच्या बीपीच्या चिठ्ठीवरही तेच. त्यामुळे मनात किंतु आला नाही. लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा माळ्यावर गेला. भाकरी अळणी, वरण अळणी, भाजीला नुसतं तिखट. मुलगी तेव्हा घरूनच काम करायची, त्यामुळे बाहेरचा खारा घाससुद्धा तिच्या पोटात जात नव्हता. वरचा मजला, डोक्यावर गच्ची, वैशाखाचं ऊन. घामानं तिचा कुडता पाठीला चिकटलेला असायचा.

बाराव्या-तेराव्या दिवसापासून ती शांत झाली. दुपारी झोपायला लागली. बोलणं कमी, हसणं कमी, पण रडणंही नाही. मी बायकोला म्हणालो, "बघ. पावला की नाही?" कट्ट्यावर जाऊन सांगून आलो. ज्याच्याशी चार महिने बोललो नव्हतो त्यालाही सांगितलं.

मग कपबशी वाजायला लागली. चहाचा कप उचलला की बशीत सांडायचा. हात थोडा कापेल असं डॉक्टरीणबाई पहिल्यापासून म्हणाल्या होत्या, म्हणून सोडून दिलं. मग तिला जुलाब लागले. उन्हाळा आहे, म्हटलं. ताक दिलं, जिरं घालून, मिठाशिवाय. पेज दिली, मिठाशिवाय. बायको साखर-मिठाचं पाणी करायला उठली, तर मी तिचा हात धरला.

"चौदाच दिवस राहिलेत. मोडू नकोस. नुसत्या साखरेचं दे."

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनातल्या मनात परत घेतलंय. घेता येत नाही.

दोन दिवसांनी सकाळी ती न्हाणीघरातून भिंत धरत बाहेर आली. पाय एकमेकांत अडकत होते. मला काही सांगायला लागली, पण जीभ जड, शब्द लोळत होते. दारू प्यालेला माणूस बोलतो तसं. मी जन्मभर निर्व्यसनी राहिलेला माणूस. सकाळी सकाळी मुलीवर ओरडलो, "काय घेतलंस तू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. तिला स्वतःलाच कळत नव्हतं की काय घेतलंय. मग गुडघे मोडले आणि ती दारातच खाली बसली.

रिक्षात बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इस्पितळात रक्त काढलं, आत नेलं, आम्हाला बाकावर बसवलं. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. हातात रिपोर्टचा कागद होता, आणि चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा.

"तिनं गोळ्या जास्त घेतल्या का? एकदम, मुद्दाम?"

बायकोनं तोंडावर पदर धरला. मी उभा राहिलो. "गोळ्या मी देतो. माझ्या हातानं. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मग हा आकडा कुठून आला? लिथियम दुपटीच्या वर गेलंय. अंगदुखीची वगैरे दुसरी गोळी दिलीत?"

"नाही."

"जेवणात काही बदल?"

बायको पदराआडून म्हणाली, "नाही हो, नेहमीचंच. फक्त अळणी."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. पेन थांबलं.

"फक्त?" त्या म्हणाल्या. "किती दिवस?"

"सव्विसावा दिवस आज नवसाचा," मी म्हणालो. अजूनही माझ्या आवाजात थोडा ताठा होता. मला कळलंच नव्हतं.

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि शेजारी बसल्या. शब्द निवडत बोलल्या. "बाबा, हे औषध आणि मीठ शरीराला एकाच घरचे वाटतात. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड घाबरतं. मिळेल तेवढं मीठ धरून ठेवतं, आणि त्याबरोबर औषधही धरतं. बाहेर सोडत नाही. तुम्ही गोळी रोज तेवढीच दिलीत. पण ती आत साठत गेली. घाम, जुलाब, त्यानं आणखी." मग म्हणाल्या, "कागदावर ठळक अक्षरात होतं. मीठ अचानक कमी करू नये. तुम्ही वाचला म्हणालात."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

उठताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देवाला दुसरं काही चाललं नसतं का?"

मला कोणी कानफटात मारली असती तरी चाललं असतं. काट्यापाशी ज्यानं दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यानं आपल्या पोरीच्या अंगात विष तोलून तोलून भरलं. माप न चुकता. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तिच्या हाताला बाटली लावली होती. मी नर्सला विचारलं, "यात काय आहे?"

"मिठाचं पाणी आहे, आजोबा. सलाईन म्हणजे तेच."

मी त्या नळीकडे बघत राहिलो. जे मी तिच्या ताटातून काढलं होतं, ते थेंब थेंब करून सुईनं आत घालत होते. रक्त मशीनमधून धुवावं लागेल का, ते संध्याकाळच्या तपासणीवर ठरणार होतं.

मी खाली कँटीनला गेलो. बटाटेवडा घेतला आणि तळलेली मिरची, वर खडबडीत मीठ भुरभुरलेली. सव्वीस दिवसांनी मीठ जिभेला लागलं तर झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. उभ्या उभ्या सगळं खाल्लं. बायको शोधत आली.

"मोडलात?"

"मोडला. देवाला माझा पत्ता माहीत आहे. यायचं तर माझ्याकडे येऊ दे."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या हातातला मिरचीचा उरलेला तुकडा घेतला, खाल्ला आणि वर गेली.

मशीन लागलं नाही. आकडा उतरला. तिसऱ्या दिवशी तिचं बोलणं सुटं झालं. पहिलं वाक्य म्हणाली, "आई, इथली खिचडी किती खारट आहे गं." आम्ही दोघं खुळ्यासारखे हसलो.

घरी आणल्यावर लिथियम बंदच होतं. फिटवाली दुसरी गोळी होती, पण तिचा एकटीचा रेटा पुरेना. आठवडाभरात मुलीचं बोलणं भरभर व्हायला लागलं. पहाटेच उठून कपाटं रिकामी केली. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, रक्त पाहिलं, म्हणाल्या, "हे औषध हिला लागू पडत होतं. बिघाड औषधानं केला नाही. आपण कमी मापानं पुन्हा सुरू करू, आठवड्यानं रक्त बघू. पण घ्यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी खिडकीपाशी बसली होती. एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला. हात अजून थोडा कापत होता, पेल्यातलं पाणी हलत होतं. किती वेळ बसली होती कोण जाणे. मला म्हणाली, "बाबा, घेऊ का? तुम्हीच म्हणत होता, बॅटरीचं विष आहे. आणि झालंच ना ते विष."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. बायको ऐकत होती.

मला सरळ 'घे' म्हणता आलं असतं. पण माझ्या सांगण्यावर तिनं का घ्यावी? एकदा माझ्या सांगण्यावर तर हे झालं होतं. मी पेटीतून कागद काढला. पासाखाली राहून त्याची घडी इस्त्री केल्यासारखी बसली होती.

"हा मी वाचला नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"वाचला नव्हता. तू सांगितलंस, डॉक्टरांनी विचारलं, दोघींना खोटं बोललो. मला बारीक अक्षर भरभर येत नाही. ओठ हलतात. तुला दिसू नये म्हणून पेटीत टाकला."

ती रागावली की काय, कळेना. मग गोळी तळहातावर तशीच धरून म्हणाली, "आता वाचा."

"आत्ता?"

"आत्ता. मोठ्यानं. मी थांबते."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. चष्मा पुसला. आणि वाचायला लागलो, बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत, अक्षर अक्षर. 'मूत्रपिंड'वर अडलो. तिनं सांगितलं नाही, थांबली. मी पुन्हा पहिल्यापासून जुळवलं, जमलं. पाणी भरपूर प्यावे. जुलाब, उलट्या झाल्यास लगेच कळवावे. मग ती ओळ आली. ठळकच होती, डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. आहारातील मीठ अचानक कमी किंवा जास्त करू नये. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ती ओळ मी दोनदा वाचली.

बायको दारात येऊन उभी होती. तिनं मला असं वाचताना लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"संपला?" मुलीनं विचारलं.

"मागचं पान आहे."

"वाचा."

मागचं पानही वाचलं. ऊन खिडकीतून सरकून तिच्या पायांवर आलं होतं. शेवटची ओळ झाली तेव्हा माझं तोंड कोरडं पडलं होतं. तिनं गोळी जिभेवर ठेवली, अर्धा पेला पाणी प्यायली आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. मी प्यालो.

"आई, भूक लागली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आमटीत मीठ आहे ना?"

तिनं थट्टेनंच विचारलं होतं. तरी मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, आणि आधी आमटीची चव घेऊन आलो.